लग्नाला प्लॅनर घ्यावा का? सोसायटीच्या ग्रुपवर ए-३०२ कडच्या कार्याची चर्चा

ए-३०२: नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न फेब्रुवारीत ठरलंय. पुण्यातच सिंहगड रोडला कार्यालय धरलंय. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, हळद आणि थोडं संगीत, दुसऱ्या दिवशी १२.३५ चा मुहूर्त. पानं साधारण ४००. दोन प्लॅनरशी बोलणं झालंय. एक जण सगळं बघणार, फी एकूण खर्चाच्या १२ टक्के. दुसरी मुलगी फक्त ते दोन दिवस उभी राहणार, ४५ हजार. घरात दोन मतं आहेत. माहिती असेल त्यांनी जरूर सांगा.

सी-५०४: अभिनंदन वहिनी! आधी १२ टक्के कशाचे ते लिहून घ्या. हॉलचं भाडं, जेवण, कपडे, दागिने सगळं धरून, की फक्त त्यांच्या हातून होणाऱ्या कामाचे? १८ लाख धरले तर २,१६,००० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ३८,८८०. म्हणजे २,५४,८८०. शिवाय टक्केवारीत खर्च वाढला की फीसुद्धा वाढते. घ्यायचाच असेल तर ठरीव रक्कम मागा.

बी-२०१: कार्यालयातल्या लग्नाला पूर्ण प्लॅनर नको, हे माझं स्पष्ट मत. आचारी, वाढपी, गुरुजी, सनई, पाट-चौरंग, होमाचं साहित्य बहुतेक पॅकेजमध्येच असतं. बाहेरून आणायचे ते डेकोरेटर, फोटोवाले, मेकअप, मेंदी, साउंड आणि गाड्या. एवढी माणसं घरबसल्या ठरतात. घोळ होतो तो एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे, आणि त्या वेळी घरचे सगळे नटूनथटून विधीत बसलेले असतात. त्यासाठी दोन दिवसांचं माणूस मात्र हवंच.

ए-३०२: काका, घोळ म्हणजे नेमका कुठे?

बी-२०१: तुमचंच उदाहरण घ्या. भोजनकक्षात समजा १२० खुर्च्या आहेत. ४०० माणसं म्हणजे चार पंगती. वाढप, जेवण, आवराआवर धरून एका पंगतीला ५० मिनिटं. १२.३५ ला अक्षता पडल्या, १ वाजता पहिली पंगत बसली, तर चौथी उठायला ४.२० होतात. विहिणीची पंगत शेवटी ठेवलीत, तर झाल (मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवण्याचा विधी), लक्ष्मीपूजन आणि पाठवणी त्यानंतर. हॉल ५ ला सोडायचा असेल तर काय होईल बघा.
आता दुसरी बाजू. अक्षतांनंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यात दीड तास सहज जातो. मग शालू बदलणं, अर्धा तास. पहिल्या दोन पंगतींचे लोक तोवर जेवून निघालेले असतात आणि त्यांना नवरा-नवरी भेटतच नाहीत. म्हणून अक्षता झाल्या झाल्या २० मिनिटं दोघांना मांडवातच उभं ठेवून भेटीगाठी उरकायच्या आणि मग होमाला बसवायचं. गुरुजींना हे आधी विचारा, आयत्या वेळी नको. विहिणीची पंगत होम आटोपला की वेगळ्या खोलीत, तिसऱ्या पंगतीच्या सुमारासच बसवता आली तर तास वाचतो.

ई-७०२: बुफे ठेवला तर?

बी-२०१: चालेल, पण दर शंभर माणसांमागे एक दोन्हीकडून वाढून घेता येईल असं काउंटर हवं, आणि पाणी नि ताक त्या टेबलापासून लांब. रांग तिथेच अडते. ज्येष्ठांसाठी एक पंगत तरीही ठेवा. पानांची मोजणी कशावर, ताटांवर की कुपनांवर, आणि ठरल्यापेक्षा जास्त झाली तर कोणत्या दराने, हे आज लिहून घ्या.

सी-५०४: सजावटीचं मी सांगते. वहिनी, कार्यालयाला विचारा, तुमच्या आदल्या दिवशी दुपारी तिथे दुसरं कार्य आहे का. असेल तर हॉल संध्याकाळी ५ नंतरच हातात येतो आणि ७ ला तुमचं सीमांतपूजन. ताज्या फुलांचं २४ फुटी स्टेज दोन तासांत होत नाही, सहा-सात तास लागतात. मग डेकोरेटर घाईत कापडी पडदा आणि प्लॅस्टिकची फुलं लावून मोकळा होतो, पैसे मात्र ताज्या फुलांचे. उपाय असा: आदल्या संध्याकाळी फक्त पडदा, समया आणि दिवे, फुलांचं काम रात्री ११ नंतर. रात्री काम करू देतात का, वॉचमन आणि लिफ्ट चालू असते का, हेही विचारून ठेवा.
कोटेशनमध्ये "फुलांची सजावट" एवढंच लिहिलेलं नको. झेंडू किती किलो, शेवंती किती, निशिगंधाच्या माळा किती, कृत्रिम फुलं कुठे. मोठ्या मुहूर्तांच्या दिवशी मार्केट यार्डातल्या फूलबाजारात भाव चढतो, आणि लेखी नसेल तर माल तिथेच कमी होतो.

ई-७०२: विजेचं राहिलं. कार्यालयात वीज बहुधा मीटरप्रमाणे वेगळी लावतात. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, सोडताना पुन्हा. डेकोरेटरचे दिवे आणि साउंड एकाच लाइनवर जोडले की नेमक्या मंगलाष्टकांत एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडतो. दोघांचा भार विचारून वेगवेगळ्या फेजवर घ्यायला सांगा. जनरेटर आहे म्हणतात, पण तो एसी उचलतो की फक्त दिवे-पंखे? आणि संगीत रात्री १० ला बंद म्हणजे बंद. लाउडस्पीकरचा नियम २००० सालापासून आहे.

ए-३०२: हे सगळं ४५ हजारवाली बघेल का?

सी-५०४: बघेल, पण काय बघणार ते कागदावर हवं. प्रत्यक्ष कोण येणार? बोलायला एक येते आणि त्या दिवशी भलतीच येते, असं या धंद्यात फार होतं. ४०० माणसांना ती एकटी पुरणार नाही, हाताखाली दोन जण हवेत. एक मांडवाशी, एक भोजनकक्षाशी, ती स्वतः फिरती. लग्नाआधी दहा दिवस तिने कार्यालय बघायला यायला हवं आणि दर १५ मिनिटांचा तक्ता करून गुरुजी, आचारी, फोटोवाले, मेकअपवाली सगळ्यांना पाठवायला हवा. मेकअप उशिरा संपला की गौरीहार पूजा उशिरा आणि मग पुढचं सगळंच, त्यामुळे तक्ता मुहूर्तापासून मागे मोजत करायचा.
आणि माणसं ती सुचवणार असेल तर थेट विचारा, "तुमचं कमिशन आहे का?" कमिशन घेणं गैर नाही, लपवणं गैर. पैसे तुम्ही थेट ज्याच्या त्याला द्या, मूळ बिलं तुमच्या नावावर घ्या. तिच्या फीतले १५ टक्के कार्य झाल्यावर.

डी-१०३: ताई, मध्येच विचारतो. आमच्या चिरंजिवांचं अलिबागला रिसॉर्टमध्ये ठरतंय, १५० पाहुणे, दोन मुक्काम. तिथेही प्लॅनर नकोच का?

बी-२०१: तिथे घ्या, आणि पूर्ण घ्या. खोल्यांची यादी, मुंबईहून येणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोचं (गाड्यांसकट नेणाऱ्या बोटीचं) बुकिंग, बस, तिन्ही वेळचं खाणं, उघड्यावर मांडव, जनरेटर. हे पुण्यात बसून फोनवर होत नाही. स्थानिक मंडपवाला, मासळी, फूलवाला यांच्याशी रोजचा व्यवहार असलेला माणूस निवडा. मुंबईहून सगळं नेणारा वाहतुकीतच पैसे घालवतो.

सी-५०४: आणि होमाचं विचारा हं! बंद एसी हॉलमध्ये बरीच हॉटेलं अग्नी पेटवू देत नाहीत, धुराचा अलार्म वाजतो. सप्तपदी बाहेर करायची तर वाऱ्याला आडोसा आणि वर सावली लागेल.

डी-१०३: हे डोक्यातच आलं नव्हतं. आभारी आहे.

ई-७०२: ए-३०२, विवाह नोंदणीचं कोणत्याच प्लॅनरच्या पॅकेजमध्ये धरू नका. अर्जावर गुरुजींची सही लागते आणि तीन साक्षीदार. गुरुजी दुपारी पुढच्या कार्याला निघतात, मग सहीसाठी आठवडाभर मागे फिरावं लागतं. फॉर्म भरून त्याच दिवशी मांडवात न्या. पत्रिकेच्या दोन प्रतीही बाजूला ठेवा.

ए-३०२: सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवसवालीला घेऊ, असं घरात ठरलं. उद्या सकाळी कार्यालयात जाऊन आदल्या दिवशीचं कार्य, जनरेटर आणि खुर्च्या विचारून येते.

बी-२०१: खुर्च्या विचारू नका, स्वतः मोजा. आणि टेबलांच्या दोन रांगांमधून वाढपी भाताचं पातेलं घेऊन जाऊ शकतो का तेही बघा. तेवढी जागा नसेल तर पंगतीला ५० च्या जागी ६५ मिनिटं धरा.