एफ-१५० की सिल्व्हराडो १५००? ७,००० पाउंडांचा ट्रेलर ओढायचा असेल तर कोणता घ्यावा

सॅन अँटोनिओकर
रॅम आणि टुंड्रा हे इतर पिकअप ट्रक बाजूला ठेवून फक्त फोर्ड एफ-१५० आणि शेव्हरोले (शेवी) सिल्व्हराडो १५०० या दोन पिकअपबद्दल बोलू. काम असं: चौघांचं कुटुंब, ७,००० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरचा (सामानासकट कमाल वजन) ट्रॅव्हल ट्रेलर, उन्हाळ्यात टेक्ससहून कोलोरॅडोचे घाट, आणि एरवी ऑफिस, शाळा, होम डेपो. क्रू कॅब (चार पूर्ण दारांची केबिन), फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), नवा किंवा दोन-तीन वर्षं वापरलेला.

माझं मत फोर्ड एफ-१५०, ३.५ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो पेट्रोल इंजिन). ४०० हॉर्सपॉवर आणि ५०० पाउंड-फूट टॉर्क. सिल्व्हराडोच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनमध्ये (आठ सिलिंडर, टर्बो नाही) ३५५ आणि ३८३. टॉर्कमधला हा फरक घाटात लगेच कळतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे ५.३ च्या ३५५ पैकी २४० च्या आसपास उरतात, आणि मागे ७,००० पाउंड लोंबकळत असतात. इकोबूस्टचे दोन टर्बो ही घट बरीचशी भरून काढतात.

दुसरं म्हणजे टाकी. एफ-१५० ला ३६ गॅलनची टाकी मिळते, सिल्व्हराडो क्रू कॅबला २४ ची. ट्रेलर लावल्यावर गॅलनला ९-१० मैल धरले तर फोर्ड किमान सव्वातीनशे मैल जातो. शेवीचं फार तर दोनशे चाळीसला संपतं, आणि प्रत्यक्षात दोनशेलाच पंप शोधायला लागतो. ट्रेलरसकट वळता येईल असा पंप दर वेळी सापडत नाही.

पटत नसेल तर मुद्द्यासकट खोडून काढा.

डिझेलपंथी
तुम्ही तुलनाच चुकीच्या इंजिनाशी केलीत. ट्रेलर ओढायचाच आहे तर सिल्व्हराडोमधलं ३.० लिटर ड्युरामॅक्स डिझेल इंजिन बघा. सहा सिलिंडर एका रांगेत, २०२३ पासूनच्या एलझेड० आवृत्तीत ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ पाउंड-फूट. टॉर्क तुमच्या इकोबूस्टइतकाच, आणि यालाही टर्बो आहे, त्यामुळे उंचीचा मुद्दा गळून पडतो.

टाकी लहान आहे हे खरं, पण ट्रेलरमागे हे इंजिन गॅलनला १२-१३ मैल देतं. २४ गुणिले १३ केलं की तुमच्या ३६ गॅलनच्या जवळपास येतो, आणि तेही बारा गॅलन कमी भरून.

घाट चढण्यापेक्षा उतरणं जास्त जोखमीचं असतं. ड्युरामॅक्सला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी मंद करणारी सोय) आहे. टो मोड (ट्रेलर ओढतानाची सेटिंग) लावून तो चालू केला की लांब उतारावर ब्रेक पेडलला अधूनमधूनच हात, म्हणजे पाय, लावावा लागतो. इकोबूस्टला फक्त गिअर खाली टाकून इंजिनवर भार द्यायचा, आणि साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन गाडी किती रोखणार? ब्रेक तापून पेडल मऊ पडलं की उपाय उरत नाही.

शिवाय पॉवरट्रेन वॉरंटी डिझेलला ५ वर्षं किंवा १,००,००० मैल. फोर्डची ५ वर्षं किंवा ६०,०००.

मिशिगनवासी
डिझेलची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर कोणीतरी शाळा-ऑफिससाठी घेऊन फसेल.

या इंजिनाचा ऑइल पंप पट्ट्यावर चालतो. पट्टा इंजिनच्या मागच्या अंगाला, तेलात भिजलेला. २०२०-२२ च्या एलएम२ आवृत्तीत तो दीड लाख मैलांना बदलायचा आहे, आणि तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वापरलेला ट्रक ९०,००० मैलांवर घेतलात तर हे काम तुमच्याच वाट्याला येणार. भाव ठरवताना ते धरा.

तेल डेक्सॉस-डी (जनरल मोटर्सचं डिझेल इंजिनांसाठीचं मानक) प्रमाणित ०डब्ल्यू-२० लागतं. वॉलमार्टमधलं नेहमीचं ०डब्ल्यू-२० चालत नाही. डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) म्हणाल तर रोज चार मैल शाळा, चार मैल घर असा वापर असला की फिल्टरमधली काजळी जाळायला लागणारं तापमानच येत नाही. रीजनरेशन (काजळी जाळणं) अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास महामार्गावर पळवणार नसाल तर डिझेल घेऊ नका. उत्तरेकडच्यांसाठी: डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे ११ सेल्सियसला गोठतं. टाकीला हीटर असतो म्हणून ट्रक चालू होतो, पण गॅरेजमधला सुटा डबा मात्र दगड होतो.

आणि २०२०-२२ चा डिझेल घेणार असाल तर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून गिअरबॉक्सच्या रिकॉलचं (कंपनीने दोषासाठी गाड्या परत बोलावणं) काम झालंय का ते बघा. कंट्रोल व्हॉल्व्ह झिजून मागची चाकं क्षणभर अडकण्याचा तो दोष आहे. २०२४ च्या शेवटी रिकॉल निघाला.

व्ही-आठ
टर्बो नको, डीपीएफ नको. साधं व्ही-८ घ्या आणि मोकळे व्हा. वर्षातून दोनदा कोलोरॅडोला जाण्यासाठी वर्षभर दोन टर्बो, इंटरकूलर आणि डझनभर होसपाइप कशाला सांभाळायचे? ५.३ घाटात चौथ्या गिअरमध्ये ओरडत चढेल, दहा मिनिटं उशिरा पोचेल, पण पोचेल.

इकोबूस्टचा इतिहासही सांगा की. २०१७-२० च्या ३.५ मध्ये कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) खडखडतात. रात्रभर थंड झालेला ट्रक सुरू केला की दोन-चार सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. फेझर बदलायला इंजिनचं पुढचं कव्हर काढावं लागतं, साखळी सैल करावी लागते. वापरलेला ट्रक बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे याची खात्री करा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

सॅन अँटोनिओकर
फेझर मान्य, म्हणून वापरलेला घ्यायचा तर २०२१ आणि पुढचा. पण ५.३ ला "साधं" म्हणू नका. त्यात डायनॅमिक फ्युएल मॅनेजमेंट आहे, आठपैकी हवे तेवढे सिलिंडर बंद करणारं. त्यासाठीचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) आतून दुमडतात. आतली खीळ अडकली की लिफ्टर उघडत नाही, पुशरॉड वाकतो, आणि रोलर फिरायचा थांबला तर कॅमशाफ्टचा लोब खरवडून निघतो. लक्षण म्हणजे टिकटिक आवाज आणि पी०३०० मालिकेतले मिसफायरचे (सिलिंडर नीट पेटत नसल्याचे) कोड. दुरुस्तीत दोन्ही हेड उतरवा, लिफ्टर बदला, कॅम खराब असेल तर तोही. ओबीडी पोर्टात (गाडीचे दोष वाचायचं सॉकेट) लावायचं यंत्र मिळतं, त्याने सिलिंडर बंद होणं थांबतं, पण लिफ्टर तेच राहतात.

व्ही-आठ
सगळ्यांचेच जात नाहीत. मॉनिटरवर दिसणाऱ्या तेलाच्या उरलेल्या आयुष्याच्या टक्क्यांवर न ठेवता ५,००० मैलांना बदला, डेक्सॉस तेल वापरा, आणि थंड इंजिनाला पहिले पाच मिनिटं ताणू नका. हाच नियम तुमच्या इकोबूस्टलाही लागतो. थेट इंजेक्शनमुळे छोट्या फेऱ्यांत पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. १०,००० मैल थांबणाऱ्यांच्या टर्बोंचं आयुष्य त्यातच जातं.

आणि लिफ्टरची भीतीच असेल तर फोर्डचंच ५.० व्ही-८ आहे. ४०० हॉर्सपॉवर, ४१० पाउंड-फूट, टर्बो नाही.

वजनकाटा
इतकं सगळं इंजिनावर लिहून झालं आणि एकानेही ड्रायव्हरचं दार उघडून चौकट पाहायला सांगितलं नाही. तिथे पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर नको. निर्णय तो आकडा करतो. जाहिरातीतला साडेतेरा हजार पाउंडांचा टोइंगचा आकडा एका विशिष्ट कॅबचा, विशिष्ट अॅक्सल रेशोचा (अॅक्सलमधल्या गिअरचं प्रमाण), जवळजवळ रिकाम्या ट्रकचा असतो.

हिशोब मांडू. ७,००० पाउंडांच्या ट्रेलरचा पुढचा (हिचवर, म्हणजे ट्रकच्या जोडणीवर टेकणारा) भार १० ते १५ टक्के असायला हवा, नाहीतर तो महामार्गावर डुलतो. १३ टक्के धरले तर ९१० पाउंड. वजन वाटणारी हिच (तिच्या ताणलेल्या स्प्रिंग-पट्ट्या भार इतर अॅक्सलांवर वाटतात) स्वतः ९० पाउंड. चौघंजण मिळून ५००. हौद्यात (ट्रकच्या मागच्या उघड्या भागात) कूलर, सायकली, जनरेटर, चुलीची लाकडं मिळून २००. बेरीज १,७००.

आता डीलरच्या आवारात जाऊन क्रू कॅब फोर बाय फोर, सनरूफ, चामड्याच्या सीटा, वीस इंची चाकं असलेल्या लॅरिएट किंवा एलटीझेडची (फोर्ड आणि शेवीच्या महागड्या ट्रिम) दारं उघडा. १,४०० ते १,६०० हे आकडे सहज दिसतील. ट्रेलर ओढण्याची क्षमता ११,००० लिहिलेली, आणि ७,००० च्या ट्रेलरलाच ट्रक जास्त भरलेला. प्रत्येक चैनीची वस्तू याच आकड्यातून वजा होते. एक्सएलटी किंवा एलटीवर (त्यांच्या साध्या ट्रिमवर) तेच इंजिन घ्या, दोनशे-तीनशे पाउंड परत मिळतात.

त्यामुळे फोर्ड की शेवी या प्रश्नाला त्या आवारात उभ्या असलेल्या त्या एका ट्रकचं स्टिकर पाहिल्याशिवाय उत्तर नाही. एकाच मॉडेलच्या शेजारी उभ्या दोन ट्रकांतही फरक असतो.

डिझेलपंथी
वजन वाटणारी हिच लावली की भार ट्रेलरच्या चाकांवरही जातो, मग पूर्ण ९१० ट्रकवर का धरता?

वजनकाटा
जातो, पण थोडाच, आणि किती ते काट्यावरच कळतं. विकत घेण्याआधी पूर्ण धरावा. घेतल्यावर ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर (मोठ्या वजनकाट्यावर) तीन वेळा वजन करा.

पहिल्यांदा सगळी माणसं, भरलेली टाकी, ट्रेलर जोडलेला आणि हिचच्या पट्ट्या ताणलेल्या. दुसऱ्यांदा तसंच, पण पट्ट्या सैल. तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला सोडून फक्त ट्रक. पावतीवर पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर असे वेगळे आकडे येतात. दुसऱ्या वजनातल्या ट्रकच्या दोन्ही अॅक्सलांच्या बेरजेतून तिसऱ्यातली बेरीज वजा केली की ट्रेलरचा पुढचा भार मिळतो. पट्ट्या सैल असताना पुढच्या अॅक्सलवरचं जेवढं वजन उडालं, त्यातलं साधारण निम्मं पट्ट्या ताणल्यावर परत यायला हवं. फोर्डच्या पुस्तिकेतला निकषही साधारण असाच आहे. परत आलं नाही तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि पुढच्या ब्रेकांची पकड कमी होते. उलट गरजेपेक्षा जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात.

मग पहिल्या वजनातला मागच्या अॅक्सलचा आकडा दारावरच्या मागच्या अॅक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. ट्रकचं एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अॅक्सल ओलांडलेला, असं पुष्कळदा निघतं.

आणि तुमचं डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड आहे. तेवढं स्टिकरमधून आधीच गेलेलं असतं.

हिशेबनीस
ट्रक स्वतःच्या व्यवसायात वापरणाऱ्यांसाठी: हौद्याची लांबी करात मोजली जाते. अमेरिकी आयकराच्या कलम १७९ खाली (व्यवसायाच्या वस्तूचा खर्च त्याच वर्षी वजा करणं) ६,००० पाउंडांवरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या एसयूव्हीला, आणि आखूड हौद्याच्या पिकअपलाही, वजावटीची मर्यादा आहे. हौदा आतून किमान ६ फूट असेल तर ती मर्यादा लागत नाही. फोर्डचा साडेपाच फुटी आणि शेवीचा पाच फूट दहा इंची हे दोन्ही या सवलतीत बसत नाहीत, साडेसहा फुटी बसतो. व्यवसायातला वापर ५० टक्क्यांच्या वर हवा आणि मैलांची नोंदवही हवी.

मिशिगनवासी
१९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेला १०० टक्के बोनस डेप्रिसिएशन (पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा) परत आलंय. मग फेडरलमध्ये सहा फुटांचा मुद्दा उरतो कुठे?

हिशेबनीस
फेडरलमध्ये फारसा नाही. पण कॅलिफोर्नियासारखी राज्यं बोनस मानत नाहीत, तिथे राज्याचा हिशोब वेगळा होतो. सीपीएला (हिशोब-करसल्लागाराला) विचारूनच हौदा ठरवा. साडेसहा फुटी क्रू कॅब ट्रक जवळपास वीस फूट लांब होतो आणि बऱ्याच गॅरेजांत दार लागत नाही. साडेपाच फुटी २३२ इंचांच्या आसपास, तो कसाबसा बसतो.

मिशिगनवासी
हौद्याचाच विषय निघाला म्हणून. सगळ्यात लहान हौद्यात शेवी ६२.९ घनफूट देते, फोर्ड ५२.८. वाळू, मल्च, फर्निचर वाहणाऱ्याला हा फरक जाणवतो. फोर्डची बॉडी २०१५ पासून अॅल्युमिनियमची. आमच्याकडच्या मिठाच्या रस्त्यांवर हौद्याच्या कडा गंजत नाहीत हे मोठं सुख आहे. चौकट मात्र स्टीलचीच, तिला खालून वर्षाला तेलाचा थर द्यावाच लागतो. अॅल्युमिनियमचा पोचा काढायला वेगळी अवजारं आणि रिव्हेट-गोंदाचं काम येणारा बॉडीशॉप लागतो. विमा घेण्याआधी दोन्हींचा कोट मागवा.

सॅन अँटोनिओकर
सिल्व्हराडोच्या ६.२ लिटर व्ही-८ बद्दल काय? ४२० हॉर्सपॉवर, ४६० पाउंड-फूट. कागदावर तो ५.३ आणि इकोबूस्टच्या मधला मार्ग दिसतो.

व्ही-आठ
२०२१ ते २०२४ चा वापरलेला असेल तर आधी रिकॉलचे कागद. एप्रिल २०२५ मध्ये या एल८७ इंजिनासाठी अमेरिकेतल्या जवळपास ६ लाख गाड्या परत बोलावल्या, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी. तपासणीत नापास झालं तर इंजिन बदलतात. पास झालं तर ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर आणि तेलाचं नवं झाकण. झाकण उघडून त्यावर ०डब्ल्यू-४० लिहिलंय का पाहा. नसेल तर काम झालेलं नाही.

न्यायाने फोर्डचंही: २०२१-२२ च्या काही २.७ आणि ३.० इकोबूस्टमध्ये इनटेक व्हॉल्व्ह तुटण्याचा दोष होता, ऑगस्ट २०२४ चा रिकॉल. त्या दोन वर्षांचा २.७ घेताना व्हीआयएन एनएचटीएसएच्या (अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था) साइटवर टाका.

वजनकाटा
धागाकर्त्याच्या कामासाठी माझं मत देतो. ३.५ इकोबूस्ट, एक्सएलटी, ३.५५ रेशोचा अॅक्सल, टो पॅकेज, कारखान्यातूनच आलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, आणि स्टिकर १,७५० च्या वर. असा ट्रक मिळाला नाही आणि १,७५० चं ५.३ किंवा ड्युरामॅक्स एलटी समोर उभं असेल तर ते घ्या. १,४८० चं स्टिकर असलेला इकोबूस्ट लॅरिएट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा, किंवा ट्रेलर ५,००० चा करा.

डीलरला फोनवर ट्रिम आणि किंमत विचारण्याआधी दाराच्या स्टिकरचा फोटो मागा, त्यात व्हीआयएनचे शेवटचे आकडे दिसले पाहिजेत. डीलरने नंतर बसवलेलं हौद्याचं झाकण, पायऱ्या, मोठे टायर यांचं वजन त्या आकड्यात धरलेलं नसतं. ते वेगळं वजा करा.

डिझेलपंथी
१,७५० चं ड्युरामॅक्स क्रू कॅब फोर बाय फोर शोधायला वेळ लागेल. टू-व्हील ड्राइव्हमध्ये मिळण्याची शक्यता जास्त, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग) आणि पुढच्या अॅक्सलचं वजन वाचतं. उन्हाळ्यातच डांबरी रस्त्याने कोलोरॅडोला जायचं असेल तर फोर बाय फोर हवाच का, हे धागाकर्त्याने एकदा ठरवावं.

सॅन अँटोनिओकर
कॅम्पग्राउंडचे शेवटचे दोन मैल कच्चे असतात, पावसात चिखल होतो, म्हणून लिहिलं होतं. पण मागच्या अॅक्सलला लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) आणि ऑल-टेरेन टायर घेतले तर टू-व्हील ड्राइव्हवर भागेल. दोन्ही कंपन्यांच्या टू-व्हील क्रू कॅबचे स्टिकर मागवतो आणि आकडे इथेच टाकतो.