१८२१ ची मुदतवाढ: दिलासा की सट्टेबाजांची सोय?

बांधावरचा:
अमेरिकेत १८०० च्या कायद्याने सरकारी जमीन उधारीवर मिळू लागली. एकरी किमान दोन डॉलर, आधी चौथाई भरायची, बाकीचे हप्ते चार वर्षांत. १८०४ पासून १६० एकरांचा तुकडाही मिळे, म्हणजे ८० डॉलर गाठीला असले की ओहायोच्या रानात पाय रोवता येई. हप्ते थकले की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, मुदत वाढवून देई, तीही पुन्हा पुन्हा. मग १८१९ ची मंदी आली, कापूस गडगडला, थकबाकी दोन कोटी डॉलरवर गेली. १८२१ मध्ये थकलेलं व्याज माफ झालं आणि चौथाईच भरलेल्यांना आणखी आठ वर्षं मिळाली. माझ्या मते योग्य झालं. पहिली वर्षं झाडं तोडण्यातच जातात. मका आला तरी बाजारात न्यायला रस्ता नाही. हप्ता भरणार कशातून?

रोखठोक:
गरीब बिचाऱ्या कुऱ्हाडवाल्याला पुढे करू नका. थकबाकीतली जवळजवळ निम्मी एकट्या अलाबामाची होती. तिथल्या लिलावांत मळेवाले आणि दलाल कापसाच्या भावाकडे बघून वाट्टेल त्या बोली लावत होते. मुदत वाढणारच हे ठाऊक असेल तर हात कोण आखडेल? गाय विकून वेळेवर हप्ता भरणारा शेजारी मात्र येडा ठरला.

उंटावरचा शहाणा:
आठ वर्षांवर भांडताय, पण त्या कायद्यातलं खरं शहाणपण जमीन परत करण्याच्या मुभेत होतं. ३२० एकर घेऊन १६० डॉलर भरलेल्याने २४० एकर सरकारला सोडायचे आणि ८० एकर बिनकर्जाचे ठेवायचे. भरलेला पैसा बुडत नाही, झेपत नाही ते ओझं उतरतं. उरलेली रक्कम लवकर चुकवणाऱ्याला साडेसदतीस टक्के सूट होती, ती मात्र रोकड असलेल्यांच्याच खिशात गेली.

रोखठोक:
परतीची मुभा मान्य. आठ वर्षं नाही. उधारीच मुळात नडली, म्हणून तर १८२० मध्ये ती बंद करून एकरी सव्वा डॉलर रोख केला.

माजघर:
ती जमीन 'सरकारी' झाली कशी, तेही लिहा की. १८१४ च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात क्रीक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून दोन कोटी एकरांहून जास्त काढून घेतली. अमेरिकी सेनापती जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही गेली. त्यांच्यासाठी कसली मुदत नि कसली सूट!

बांधावरचा:
माजघर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. चूक माझी.
रोखठोक, तुमच्या रोखीचा हिशेब करा. आधी ८० डॉलरवर १६० एकर हाती यायचे, आता ८० एकरांनाच शंभर मोजायचे. ज्याच्याकडे ते नव्हते तो न विचारता रानात खोपटं घालून बसला. शेवटी १८४१ मध्ये अशा घुसखोरांनाच ती जागा लिलावाआधी विकत घेण्याचा हक्क द्यावा लागला.