पन्नास रोपं आणि आपली गच्ची

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ५ जूनला पर्यावरण दिन आहे. मागच्या टेकडीवर सोसायटीतर्फे ५० रोपं लावावीत असं कमिटीत ठरलं आहे. फ्लॅटमागे ३०० रुपये. शिवाय एक कंपनी फ्लॅटमागे १,५०० रुपयांत वर्षभराचं 'कार्बन न्यूट्रल' सर्टिफिकेट देते आहे, म्हणजे आपण हवेत जेवढा कार्बन सोडतो तेवढा भरून काढला असं, गेटवर बोर्डही लावता येईल. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

ए-१०१: रोपांना होकार.

सी-४०४: दोन्हीला होकार. मुलांना टेकडीवर नक्की न्या, त्यांनाही कळू दे.

बी-३०२: सेक्रेटरीसाहेब, रोपांना माझी ना नाही. खड्डे खणायला मी स्वतः येईन. पण सर्टिफिकेटचे पैसे गोळा करण्याआधी थोडं बोलायचं आहे. मेसेज लांबणार आहे, सवडीने वाचा.

पाडव्याला मी आमच्या घराचा गेल्या वर्षाचा हिशोब मांडला. लाइटबिलं फाइलला लावलेली असतातच. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय सासूबाईंपासूनची. पेट्रोलचं यांच्या फोनवर सापडलं.

वीज महिन्याला सरासरी १८० युनिट, म्हणजे वर्षाला २,१६०. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. झाला दीड टन. सिलिंडर नऊ लागले. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला की ४२ किलोच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून पावणेचारशे किलो. गाडी आणि स्कूटरला महिन्याला ३८ लिटर पेट्रोल, लिटरला २.३ किलो, वर्षाचा साधारण एक टन. बेरीज २.९ टन. चार माणसांच्या घराला ठीक आहे असं वाटलं.

मग लक्षात आलं की दिवाळीनंतर आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलो, ते धरलेलंच नाही. मुंबईहून जाऊन-येऊन माणशी दोन टन धरा. मोजायच्या पद्धतीप्रमाणे आकडा थोडा खालीवर होतो, पण दोघांचे चारच्या घरात जातात. चार माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक, पंखे, फ्रिज, ऑफिसच्या फेऱ्या एकीकडे, आणि त्याहून जास्त त्या एका प्रवासात. तो आकडा लिहिल्यावर मी बराच वेळ वही तशीच उघडी ठेवून बसले होते.

आता झाडांचं. नीट वाढलेलं एक झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरतात. जात, माती, पाऊस यांप्रमाणे फरक पडतो. आमच्या एका घराचे ६.९ टन फेडायला साडेतीनशे मोठी झाडं लागतील. आपण ४८ घरं मिळून ५० रोपं लावणार, ती वाढायला दहा-पंधरा वर्षं जाणार, आणि तेव्हा कुठे सगळी मिळून वर्षाला एक टन. मग गेटवर 'कार्बन न्यूट्रल' कसं लिहायचं? मला ते लिहवणार नाही.

ए-३०३: काकू, हिशोब पटला. पण मग लेकीला भेटायला जायचंच नाही का? आमचा मुलगाही कॅनडात आहे. या वयात तेवढीच तर ओढ असते हो.

बी-३०२: जायचं ना वहिनी, मीही जाणार आहे. नातवंडांना मांडीवर घेणं व्हिडिओ कॉलवर होत नाही. आम्ही एवढंच ठरवलं आहे की दरवर्षी तीन-चार आठवडे जाण्याऐवजी दोन वर्षांतून एकदा जायचं आणि तीन महिने राहायचं. लेकीला उलट आनंद झाला, म्हणाली आई, या वेळी घाई नको. वर्षाचे चार टन होते तिथे दोनवर आले. माझ्या वहीतली याहून मोठी कपात दुसरी नाही, म्हणून आधी ती सांगितली.

सी-२०२: काकू, मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून सर्टिफिकेटबद्दल थोडं सांगतो. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन. कुठेतरी जंगल राखलं, पवनचक्की उभारली, सुधारित चुली वाटल्या, त्यातून जेवढे टन वाचले तेवढी क्रेडिट विकायला येतात. पहिला प्रश्न असा विचारायचा की आपले पैसे गेले नसते तर ते काम झालंच नसतं का? जंगल कुणी तोडणारच नव्हतं आणि तरी 'आम्ही वाचवलं' म्हणून क्रेडिट विकलं, तर हवेत काहीच फरक पडलेला नसतो. दुसरा प्रश्न, ते टिकणार किती? पेट्रोलचा धूर शेकडो वर्षं वर राहतो आणि जंगलाला पाच वर्षांनी आग लागू शकते.

२०२३ च्या जानेवारीत 'द गार्डियन' आणि जर्मनीच्या 'डी त्साइट' यांनी वेरा या मोठ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटची छाननी केली होती. तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागे खरी कपात नसावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेराने तो अमान्य केला. सगळीच क्रेडिट खोटी असतात असं मी म्हणणार नाही, चांगले प्रकल्प मी स्वतः पाहिले आहेत. पण सेक्रेटरीकाका, त्या कंपनीला एवढं विचारा की क्रेडिट कोणत्या प्रकल्पाची, कोणत्या वर्षाची, त्यांचा अनुक्रमांक काय आणि ती आपल्या नावाने रद्द केल्याची नोंद दाखवणार का. रद्द केली नाहीत तर तीच पुन्हा दुसऱ्याला विकता येतात.

सेक्रेटरी: चांगलं सांगितलंस. विचारतो.

बी-३०२: आणि ते १,५०० रुपये फ्लॅटमागे काढायची तयारी असेल तर ४८ घरांचे ७२,००० होतात. ते आपल्याच गच्चीवर घालू या. एक किलोवॉट सोलरला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज ४ युनिट वीज मिळते. बी विंगच्या गच्चीवर १० किलोवॉट सहज बसेल. वर्षाला १४,००० च्या वर युनिट, म्हणजे दहा टन! टेकडीवरची ५० झाडं पूर्ण वाढल्यावर देतील त्याच्या दहापट, आणि मीटर जोडल्या दिवसापासून. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं त्यावर चालेल. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. दहाला १ लाख ८० हजार.

खजिनदार: ताई, उरलेली रक्कम सिंकिंग फंडाला हात न लावता कशी उभी करायची ते मी बघतो. पण एक अडचण आहे. दोन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. स्लॅबला भोकं पाडली तर गॅरंटी जाईल आणि चौथ्या मजल्यावर पुन्हा गळती सुरू होईल.

सी-४०४: आम्ही वरच राहतो. दोन पावसाळे बादल्या लावून काढलेत. ड्रिल अजिबात नको.

सी-२०२: ड्रिल न करताही बसवतात. सिमेंटचे जड ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करतात. फक्त वजन आणि वारा यांचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायचा.

ए-२०१: आणि आमचे पापड-कुरडया? उन्हाळ्यात गच्ची लागते.

बी-३०२: ए विंगची गच्ची पूर्ण मोकळी राहणार, काळजी नको. माझ्याही सांडग्यांची सोय त्यातच आहे.

बी-१०४: सोलर ठीक आहे. पण ओल्या कचऱ्याचं खत करायचा पिट परत सुरू करायचं म्हणत असाल तर माझा विरोध आहे. मागच्या पावसाळ्यात खिडकी उघडता येत नव्हती. वास, चिलटं, काळं पाणी पार पार्किंगपर्यंत. तळमजल्यावर आम्ही राहतो, वरच्यांना कळत नाही.

ए-४०१: ताई, तुमची तक्रार अगदी खरी आहे. पिट मीच बघत होतो, त्यामुळे चूकही माझीच. तरीही तो बंद राहू नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितो.

४८ घरांचा रोजचा २०-२५ किलो ओला कचरा. तो डेपोत ढिगाखाली दबला की हवा मिळत नाही आणि कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पट. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला ते आपण सगळे जाणतो. आपल्या भाजीची देठं त्यांच्या दारात का जावीत?

वास का आला ते मी नंतर शोधलं. पिटमध्ये आपण नुसतं ओलं टाकत होतो. कलिंगडाची सालं, उरलेली आमटी, चहाचा चोथा, थरावर थर. आत हवाच नाही, म्हणजे डेपोत होतं तेच आपल्या दारात. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पालापाचोळा हवा. जानेवारीपासून मी माझ्या बाल्कनीत दोन ड्रमवर करून बघतोय. आंबट ताकात थोडं शेण कालवून विरजणासारखं घातलं. चौथ्या दिवशी हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं. मूठभर घेऊन दाबायचं, बोटांतून पाणी टपकलं तर पाला कमी पडलाय, आणि मूठ उघडल्यावर लाडू लगेच विखुरला तर थोडं पाणी शिंपडायचं. आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. दोन महिन्यांनी पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ताई, संध्याकाळी घरी या, ड्रमचं झाकण उघडून दाखवतो. वास आला तर पिटचं नाव काढणार नाही.

बी-१०४: येते काका. पण पाला आणणार कुठून?

ए-४०१: तो आपण दर फेब्रुवारी-मार्चला कोपऱ्यात जाळतो! शिरीष आणि बदामाची पानं वॉचमनदादा गोळा करून पेटवतात, आणि त्याच धुराने सी-१०२ च्या आजींना दम लागतो. यंदा मी १४ पोती भरून जिन्याखाली ठेवली आहेत. कमी पडलं तर पुण्यात 'ब्राऊन लीफ'सारखे गट आहेत, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे ते नको असलेला देऊन टाकतात.

सी-१०२: आईंच्या वतीने आभार, काका. या वर्षी मार्चमध्ये त्यांना एकदाही नेब्युलायझर लावावा लागला नाही.

ए-१०१: घरात लगेच करण्यासारखं काय आहे? आम्ही भाड्याने राहतो, मोठा खर्च जमणार नाही.

बी-३०२: पंखे बघ. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणारा एक बदललास तर वर्षाला दीडशेच्या वर युनिट वाचतात, म्हणजे शंभरेक किलो. घर सोडताना काढून नेता येतो. एसी २४ च्या खाली नको. बाकी डाळ-कडधान्य भिजवून कुकरला लावणं तुला सांगायला नको, तुझी आई करतच असेल.

बी-२०३: पंपाचं कुणी बोललं नाही. पहाटे पाचला टाकी भरून वाहते, अर्धा-पाऊण तास पाणी गच्चीवरून खाली येत असतं. मी रोज आवाज ऐकतो. ते पाणी वर चढवायला वीज गेलीच ना?

सेक्रेटरी: खरं आहे. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बिघडलाय, प्लंबरला सोमवारी बोलावतो. हे आधीच व्हायला हवं होतं.

ए-४०१: आता टेकडीचं. तीन वर्षांपूर्वी आपण ३० रोपं लावली होती. परवा सकाळी चढून मोजली, सात जगलीत. पहिले तीन उन्हाळे पाणी मिळालं नाही की रोप जात नाही तर काय? आणि मागच्या वेळी गुलमोहर लावले होते. टेकडीवर गिरिपुष्प आधीच माजलाय, परदेशी झाडांची भर आता नको. या वेळी करंज, तामण, बहावा, कडुनिंब घेऊ या. पन्नासच्या जागी वीस लावू, पण प्रत्येक रोप एका घराच्या नावावर. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाच लिटरचा कॅन घेऊन वर जायचं, आणि वणव्याच्या दिवसांत आळ्याभोवतीचं वाळकं गवत काढून टाकायचं.

सी-४०४: आमचं एक रोप. कॅन मुलगा नेईल, त्याने आत्ताच हात वर केलाय. सर्टिफिकेटचा होकार मागे घेते.

बी-३०२: वीसमधलं एक आमचं. काका म्हणतात ते मला फार पटतं. सावली, पक्षी, माती धरून ठेवणं, यासाठी झाड हवंच. विमानाचा धूर फेडायचं ओझं त्या हातभर रोपावर टाकू नये, एवढंच.

सेक्रेटरी: ठीक. सर्टिफिकेटचा विषय तूर्त बाजूला ठेवतो. रविवारी अजेंड्यावर सोलर, पिट आणि वीस रोपं. सोलरसाठी तीन कोटेशन मागवायला लागतील, गच्चीचं माप कोण घेणार?

सी-२०२: मी आणि काकू घेतो. उद्या सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत. टाकीची आणि जिन्याच्या टोपीची सावली कुठपर्यंत पडते तेही बघायला हवं, दुपारी तीनला पुन्हा एकदा जाऊ.

बी-१०४: काका, जाऊन आले तुमच्याकडे, म्हणून इथेही लिहिते. वास नव्हता. पिट सुरू करा, पण पाल्याची पोती माझ्या खिडकीखाली ठेवा, म्हणजे थर पडतोय की नाही ते मी रोज बघेन.

बी-३०२: गच्चीची किल्ली वॉचमनदादांकडे आहे ना? टेप मी आणते.