आशिया कपच्या तोंडावर: मुलींना कॅम्प हवा की मॅच?

दौलतगंजकर

महिलांचा फुटबॉल आशिया कप १ मार्च २०२६पासून ऑस्ट्रेलियात सुरू होतोय. पात्रता फेरी जिंकून आपल्या मुली तिथे चालल्यात, आणि हे पहिल्यांदाच घडतंय. गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). एकूण १२ संघ, त्यातले ८ पुढे जाणार. उपांत्यपूर्व फेरी गाठली तर २०२७च्या ब्राझील वर्ल्ड कपचं दार किलकिलं होतं. असं असताना आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळींत परवा एकाने लिहिलं, "लीग-बीग बंद करा, सगळ्यांना दोन महिने एकत्र कोंडा, मग बघा." त्याला धडाधड अंगठे मिळाले.

माझं मत नेमकं उलट आहे. कोंडून ठेवून फुटबॉलपटू तयार होत नाही, आणि याचे पुरावे आपल्याच घरात आहेत. २०११च्या दोहा आशिया कपआधी प्रशिक्षक बॉब हॉटनने पुरुषांचा संघ महिनोन्महिने एकत्र ठेवला होता, पार पोर्तुगालपर्यंत नेला होता. निकाल? ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, कोरियाकडून १-४. पुढचा पुरावा २०२२चा. १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपल्या मॅच भुवनेश्वरला. आपण यजमान. मुली जमशेदपूरला कॅम्पात राहिल्या, स्वीडनचे डेनरबी प्रशिक्षक होते. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५.

कॅम्पमध्ये होतं काय, तर आपलीच राइट बॅक, म्हणजे उजवीकडची बचावपटू, आपल्याच विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणारीला, रोज अडवते. आठवड्याभरात ही कुठे वळणार हे तिला पाठ आणि ती कधी पाय घालणार हे हिला. त्यानंतर दोघी एकमेकींना फसवत नाहीत, नुसत्या दमवतात. अनोळखी विंगर समोर आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तिला ओळखायचं हे मॅचमध्येच शिकता येतं.

निवृत्त_पीटीबाई

दौलतगंजकर, तुमची राइट बॅक छान लिहिलीत. आता मी माझी सांगते.

आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत मी नोकरीभर मुलींना खेळवलं. जिल्ह्याच्या स्पर्धेचं पत्र यायचं आणि हातात जेमतेम आठवडा असायचा. धड स्टडचे बूट मोजकेच. बदली खेळाडू आत जायची तेव्हा बाहेर आलेली मुलगी रेषेवर बसून आधी बुटांच्या नाड्या सोडायची, बूट हिच्या हातात द्यायची. पंच घड्याळ दाखवत ओरडायचे. एक नंबर मोठा असला तर पुढे कापसाचा बोळा. यातली एखादी मुलगी उद्या राज्याच्या संघात गेली तर तिला कॅम्प म्हणजे काय असतं? दोन वेळची अंडी, दूध, स्वतःच्या मापाचे बूट, दुखलं तर बघणारा फिजिओ, आणि संध्याकाळी "घरी ये, स्वयंपाक आहे" असं कोणी न म्हणणं. तुम्ही याला कोंडणं म्हणता.

आणि पुरावेच काढायचे तर ताजे काढा. गेल्या वर्षी चियांग माईच्या पात्रता फेरीआधी हा संघ बंगळूरला लांबलचक कॅम्पात होता. क्रिस्पिन छेत्री प्रशिक्षक. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. शेवटची मॅच यजमान थायलंडशी, म्हणजे २०१५ आणि २०१९चा वर्ल्ड कप खेळलेल्या संघाशी. २९ जून ते ५ जुलै, सात दिवसांत तिसरी मॅच. संगीता बासफोरने २८व्या मिनिटाला लांबून गोल मारला, दुसऱ्या हाफमध्ये आल्या आल्या थायलंडने बरोबरी केली. अशा वेळी आपले संघ ढेपाळतात, हे आपण किती वर्षं बघत आलोय. त्या दिवशी ७४व्या मिनिटाला कॉर्नरवर तीच संगीता थायलंडच्या बचावापेक्षा उंच उडाली आणि हेडरने २-१. सातव्या दिवशी, ७४व्या मिनिटाला पायात ती उडी उरते कुठून? कॅम्पातल्या जेवणातून, झोपेतून आणि पळण्यातून.

मुरारवाला

बाईंना +१. फुटबॉल राहू द्या, आपल्या गावाचंच बघा. महिला हॉकी अकादमी ग्वाल्हेरला आहे. मुली तिथेच राहतात, तिथेच शिकतात, वर्षभर सराव. आणि राष्ट्रीय संघ? लॉकडाऊनमध्ये तो बंगळूरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात महिनोन्महिने एकत्र होता. टोकियोत चौथा आला, ब्राँझ ३-४ने हुकलं. त्याआधी कुणी या मुलींना चौथ्या नंबरसाठीही मोजत नव्हतं.

(नाहीतर आपलं गाव हॉकीसाठी करतं काय? कॅप्टन रूपसिंग म्हणजे ध्यानचंदचा धाकटा भाऊ, १९३२ आणि १९३६ची दोन ऑलिंपिक सुवर्णं. त्याच्या नावाच्या मैदानात सचिनने २०० केले, लोकांना ते मैदान तेवढ्यासाठीच माहीत.)

दौलतगंजकर

हॉकीचं उदाहरण इथे लागू पडत नाही, मुरारवाले. हॉकीत दम धरून खेळणारे देश किती? फुटबॉलमध्ये एकट्या आशियातच चाळीसवर. हॉकीत मुलींना तेव्हा लीगच नव्हती, म्हणून सगळं कॅम्पवर. मुलींची हॉकी इंडिया लीग २०२५ला सुरू झाली, आणि ती का सुरू करावी लागली हे जरा विचारा.

बाई, बुटांचं वाचून मी गप्प झालो, खरंच. पण तो कॅम्पच्या बाजूचा मुद्दा होत नाही. अंडी, दूध, फिजिओ हे मुलीला बाराही महिने क्लबमध्ये मिळायला हवं. आपण ते फक्त कॅम्पात देतो आणि मग कॅम्पचे गोडवे गातो. दुसरं, चियांग माईनंतर ऑक्टोबरात शिलाँगला काय झालं? इराणकडून ०-२, नेपाळकडून १-२. संघ जवळपास तोच. कॅम्पने आलेली ताकद तीन महिन्यांत उतरत असेल तर ती उसनी होती.

शिंदेछावणी

दोघांचं वाचलं. २०११ काढलंत तर २०२४ही काढा ना. कतारमध्येच, पुरुषांचाच आशिया कप. प्रशिक्षक स्टिमाच तयारीला चार आठवडे मागत होता, संघ ३० डिसेंबरला दोह्यात उतरला आणि १३ जानेवारीला ऑस्ट्रेलियासमोर उभा राहिला. ०-२, मग उझबेकिस्तान ०-३, मग सीरिया ०-१. म्हणजे कॅम्प लांब तेव्हा १३ खाल्ले, ३ मारले. कॅम्प आखूड तेव्हा ६ खाल्ले, एकही मारला नाही. यातून ज्याला जे सिद्ध करायचं ते करा.

त्याच्याही आधी हांगझोऊ. आशियाई खेळांच्या तारखा फिफाच्या खिडकीत बसत नव्हत्या. खिडकीबाहेर खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक नसतं, आणि क्लबांनी हात आखडते घेतले. जो संघ जमला तो १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी चीनशी खेळला. १-५. क्लबांना शिव्या देणं सोपं आहे. पण पगार क्लब देतो, मोसम क्लबचा बुडतो, खेळाडूचा गुडघा कॅम्पात गेला तरी पुढचे सहा महिने त्याला क्लबच पोसतो.

मुलींच्या बाबतीत मात्र हे भांडण नीट बसत नाही. गेल्या मोसमात इंडियन विमेन्स लीगमध्ये संघ ८. प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे एका मुलीला जास्तीत जास्त १४ मॅच. जानेवारी ते एप्रिल, संपलं. पुरुषांच्या बाबतीत कॅम्प क्लबचे दिवस खातो. मुलींच्या बाबतीत कॅम्प खाणार काय? खायला आहेच किती?

दौलतगंजकर

१४! हाच तर माझा मुद्दा, तुम्ही माझ्याच पानावर लिहिलात. लीग १४ मॅचची ठेवायची आणि उरलेली भूक कॅम्पने भागवायची. कॅम्प स्वस्त पडतो, फोटो छान येतात, कुणाचं काही बिघडत नाही. लीग मोठी करायची तर मैदानं लागतात, प्रवास लागतो, प्रायोजक लागतात. म्हणून तयारी म्हटलं की फेडरेशनला कॅम्प सुचतो.

मनीषा कल्याण बघा. २०२१ला मनाऊसमध्ये ब्राझीलविरुद्ध गोल मारणारी तीच. आपण ती मॅच १-६ हरलो, पण तो एक गोल सगळ्यांना आठवतो. पुढे ती सायप्रसला गेली, चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली, मग ग्रीस, मग पेरू. तिच्या पायात चेंडू आला की ती मान वर करते. हे तिला कुठल्या कॅम्पात मिळालं?

निवृत्त_पीटीबाई

मनीषा एकच आहे हो. तुम्ही एक मनीषा दाखवता, मी बाकीच्या सगळ्या जणींचं बोलतेय. त्यांना पेरू कोण नेणार?

लीग मोठी व्हावी हे मला कोणी शिकवायला नको. मी लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकले तेव्हा मुली फुटबॉल खेळतात यावर लोक हसायचे, आज निदान टीव्हीवर बघतात. पण स्पर्धा महिन्यावर आली असताना "आधी लीग सुधारा" म्हणणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आज हातात जे आहे ते कॅम्पच आहे.

पुण्याहून_आलेला_जावई

सासुरवाडी ग्वाल्हेर, म्हणून इथे बोलायचा थोडा हक्क. तुम्ही सगळे २०२२ विसरलात. हाच आशिया कप आमच्याकडे होता, मुंबई, नवी मुंबई, पुणे. तयारी भरपूर झाली होती. पहिली मॅच इराणशी ०-०, जिंकायला हवी होती. २३ जानेवारीला तैपेईशी मॅच आणि संघात कोविड पसरलेला. नियमाप्रमाणे १३ जणी उभ्या करता आल्या नाहीत, मॅच झाली नाही आणि स्पर्धेतून नाव बाद. स्वतःच्या देशात, एक मॅच खेळून. बरं, त्याच स्पर्धेत व्हिएतनामने नवी मुंबईत तैपेईला २-१ हरवून वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. आपले या वेळचे दोन्ही प्रतिस्पर्धी, आपल्याच मैदानावर!

आणखी एक. नवीन प्रशिक्षक अमेलिया वाल्वेर्दे जानेवारीत आल्या. कोस्टा रिकाला दोन वर्ल्ड कपला नेलेली बाई आहे, नाव मोठं. पण पात्रता मिळवली जुलैत, प्रशिक्षक बदलला जानेवारीत. कॅम्प की मॅच हे नंतर बघू, आधी त्यांना मुलींची नावं तरी पाठ होऊ द्या.

मुरारवाला

जावईबापू, म्हणजे तुमचं मत कॅम्पच्याच बाजूने. नावं पाठ व्हायला एकत्र राहावं लागतं.

पुण्याहून_आलेला_जावई

एकत्र राहावं लागतं हे मान्य. दोन महिने लागतात हे नाही. नावं तीन दिवसांत पाठ होतात.

शिंदेछावणी

भांडण मिटत नाही, तर निदान कामाचं बोला. कार्यक्रम असा आहे: ४ मार्चला व्हिएतनाम आणि ७ला जपान, दोन्ही पर्थला. १०ला तैपेई, सिडनीत. पर्थहून सिडनी म्हणजे विमानात चार-पाच तास आणि घड्याळही पुढे. तीन दिवसांत हे सगळं. तुम्ही प्रशिक्षक असता तर जपानशी कोणाला खेळवलं असतं?

दौलतगंजकर

सोपं आहे. व्हिएतनाम ही आपली फायनल. २०२३च्या वर्ल्ड कपला तिन्ही मॅच हरलेला संघ आहे, अमेरिकेकडून ०-३, पोर्तुगालकडून ०-२, नेदरलँड्सकडून ०-७. नावाला घाबरायचं कारण नाही. तिथे सगळी ताकद लावायची. जपान २०११चा विश्वविजेता, त्यांच्याकडून गुण मिळण्याची आशा धरू नये. पहिल्या अकरातल्या सात-आठ जणींना जपानसमोर विश्रांती द्यायची आणि १० तारखेला तैपेईवर ताज्या पायांनी तुटून पडायचं.

निवृत्त_पीटीबाई

वा! सकाळपासून "मॅच द्या, मॅच द्या" आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच समोर आली की मुलींना बाकावर बसवता?

जपानशी पूर्ण संघ खेळवा. याला भावनेपेक्षा हिशेबाचं कारण आहे. तिसऱ्या नंबरचे तीन संघ राहतात, त्यातले दोन पुढे जातात, आणि गुण सारखे झाले की गोलफरक बघतात. जपानने दुसऱ्या फळीला नऊ-दहा मारले तर तैपेईला हरवूनही मुली घरी येतील. जपानकडून ०-३ने हरणं हीसुद्धा या स्पर्धेत कमाई आहे.

दौलतगंजकर

गोलफरकाचं पटलं, ते माझ्या हिशेबात नव्हतं. पण बाई, व्हिएतनाम हा काही मैत्रीपूर्ण सामना नाही, तिथेच मुलींचा घाम निघणार. त्यावर नव्वद मिनिटं जपानच्या पासिंगमागे धावायचं, मग ते विमान, मग तैपेई. मिडफिल्डमधल्या मुलींचे पाय १० तारखेला उठणार नाहीत. पूर्ण संघ म्हणू नका, आकडा सांगा. किती जणींना बसवायचं?

निवृत्त_पीटीबाई

दोन विंगर आणि एक मिडफिल्डर. स्ट्रायकरला साठ मिनिटांनी बाहेर काढा. बचावातल्या चौघी आणि गोलकीपर, हात लावायचा नाही.

मुरारवाला

आणि मिडफिल्डमधली ती एक म्हणजे संगीता असेल तर?

निवृत्त_पीटीबाई

संगीताला विचारा. ती बसणार नाही.