सरकार नवे, विरोध दुबळा: जाब विचारायचा कसा? (अनुभव धागा)

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. सत्तेत आलेल्यांच्या जागा: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोरच्या बाकांवर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. लाडक्या बहिणीला पंधराशेचे एकवीसशे आणि शेतकऱ्याला कर्जमाफी, ही निवडणुकीतली आश्वासने. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन्ही नव्हती. लोकांचा भ्रमनिरास झाला आहे, आणि आपल्या वतीने कोणी भांडत नाही याचा राग त्याहून मोठा आहे. म्हणून जाणकारांना विनंती: आपबीती नको, कामाला येणारी पद्धत लिहा. कुठे अडते आणि का, तेही.

विधिमंडळ कामकाजाचे अभ्यासक

आधी विरोधी पक्षनेतेपदाबद्दल. २०२५ ची तिन्ही अधिवेशने विधानसभेत या पदाविना गेली. २८८ चा दहावा हिस्सा म्हणजे २९ आमदार, तेवढे कोणत्याच विरोधी पक्षाकडे नाहीत, असे कारण दिले जाते. पण विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा दहा टक्के म्हणत नाही. सर्वाधिक संख्याबळाच्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढेच तो म्हणतो. निर्णय अध्यक्षांच्या हाती राहतो, तो असा. माहिती अधिकार कायद्याने मात्र ही फट बुजवली आहे. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत विरोधी पक्षनेता लागतो, आणि मान्यताप्राप्त नेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेताच तिथे विरोधी पक्षनेता मानायचा, असे कलम १५(३) चे स्पष्टीकरण सांगते.

पण संख्या कमी म्हणून तोंड बंद, हे मला मान्य नाही. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचा मुद्दा (महत्त्वाचा विषय थोडक्यात मांडणे) ही हत्यारे एकेका आमदाराची आहेत, त्यांना २९ जण लागत नाहीत. विरोधक कमी पडतात ते तयारीत. ती आपण करून देऊ शकतो.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: "(१) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" सगळा डाव पहिल्या भागावर असतो. तो मोघम असला की उत्तर येते, "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." सहा महिन्यांची मेहनत दोन ओळींत संपते. म्हणून पहिल्या भागात तारीख, गाव, कामाचे नाव, आदेशाचा जावक क्रमांक घाला आणि आदेशाची प्रत आमदाराच्या स्वीय सहायकाकडे द्या. मंत्र्याला मग निदान "हे अंशतः खरे आहे" म्हणावे लागते, आणि तिथून उपप्रश्नाला वाट मिळते. प्रश्न देण्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. अधिवेशन सुरू झाल्यावर कागद घेऊन गेलात तर तारांकित प्रश्न हातचा गेलेला असतो.

सभागृहात मंत्री "चौकशी करू" म्हणाले तर ती तारीख टिपून ठेवा. पाठपुराव्यासाठी आश्वासन समिती असते.

अर्थसंकल्प वाचणारे

भाषण ऐकू नका, पुस्तके उघडा. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मागणी क्रमांक (खात्यानुसार) आणि लेखाशीर्ष (खर्चाचा प्रकार किंवा योजना) यानुसार आकडे मिळतात. तीन रकाने शेजारी ठेवा: आधीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढचा अर्थसंकल्पीय अंदाज. घोषणा फक्त तिसऱ्यात असते, कात्री दुसऱ्यात दिसते.

२०२५-२६ मध्ये महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि लाडक्या बहिणीसाठी ३६,००० कोटी. एकवीसशे का झाले नाहीत, याचा शोध इथून सुरू होतो. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटींवर पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेर मागितलेला जादा निधी, आल्या. मार्चचे आकडे पाठ करून जूनमध्ये वाद घालणारा इथे चुकतो. योजनेला तरतूद आहे पण पैसा उतरला का, हे 'बीम्स' या राज्य शासनाच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर पाहा. तरतूद, वितरित निधी आणि खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत, आणि विरोधकांची निम्मी भाषणे पहिल्यावरच थांबतात.

माहिती अधिकाराचे काम करणारे

"आमच्या गावातल्या बायकांचे पैसे का थांबवले?" हा अर्ज फेटाळला जातो, कारण 'का' ही नोंद नाही. असा लिहा: "अमुक तालुक्यात अमुक ते अमुक या काळात अपात्र ठरवलेल्या अर्जांची कारणनिहाय संख्या, आणि त्याबाबत वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या आदेशांच्या प्रती." जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांतली ही शब्दमर्यादा अनेकांना ठाऊक नसते आणि अर्ज तिथेच अडवला जातो.

पोच घेताना शिक्का, सही आणि तारीख तिन्ही पाहा. नुसत्या शिक्क्यावर पुढे अपिलाची मुदत मोजता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, जोडपत्र 'ब', वीस रुपये. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती विनामूल्य द्यावी लागते, कलम ७(६). झेरॉक्सचे पैसे मागितले तर हे कलम पत्रात लिहा. दुसऱ्या अपिलाला राज्य माहिती आयोगाकडे फार वेळ जातो, म्हणून सगळी ताकद पहिल्या सुनावणीत लावा. घाई असेल तर जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. हव्या त्या पानांवर चिठ्ठ्या लावा आणि तेवढ्याच प्रती मागा.

ग्रामपंचायत सदस्य

गावात विरोधी पक्ष म्हणजे ग्रामसभाच. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातले जे कमी असेल ते. लोक आले नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-सात जणांत ठराव होतात. फसवणूक इथे होते, म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसे न्या.

इतिवृत्ताच्या वहीत शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यात चार ओळी कोऱ्या सोडल्या जातात. उठण्याआधी त्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारायला लावा, पान क्रमांकासह फोटो घ्या. विषय आयत्या वेळी मांडला तर "विषयपत्रिकेत नाही" म्हणून टाळतात. आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या.

सेतू केंद्र चालवणारे

दाखल्यांसाठी कोणत्याच पक्षाकडे जाऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले आहेत, ते कार्यालयातल्या फलकावर असायला हवेत. पावतीवरचा अर्ज क्रमांक जपा, अपील त्यावरच चालते. दिवस उलटले की पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरे त्याहून वरिष्ठाकडे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बहुतेक अर्ज मात्र 'त्रुटी' दाखवून परत येतात आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून धरली जाते. त्रुटी तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. एकदा त्रुटी लिहून दिली की दुसऱ्या खेपेला नवी शोधणे त्यांना अवघड जाते.