सोसायट्यांच्या भिंतीतून पायवाट सक्तीची करावी का?

बाणेरकर: बाल्कनीतून मागच्या सोसायटीच्या किराणा दुकानाची पाटी वाचता येते, पण मधे भिंत, त्यामुळे ब्रेड आणायला गेटबाहेर, मग मेन रोड, मग यू-टर्न. शेतांच्या लांबोळक्या पट्ट्या एकेका बिल्डरने घेतल्या, आपापल्या गटापुरता रस्ता केला नि शेजाऱ्याच्या कंपाउंडला नेऊन संपवला. डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातले रस्ते, नकाशात जोडलेले, जागेवर बघावं तर मिसिंग लिंक! नवा लेआउट पास करताना आरपार पायवाट कंपल्सरी करा, विषय संपला.

तिसरा मजला: विषय कसा संपला? मेंटेनन्स आम्ही भरायचा, पेव्हर ब्लॉक आम्ही बसवायचे आणि वाट अख्ख्या गावाची? आमचं मागचं गेट उघडं होतं तेव्हा पोरं सायकल शिकायची तिथूनच बाइकवाले सुसाट जायचे. बंद केलं, सगळे सुखी.

दादरवाली: सगळे म्हणजे गेटच्या आतले ना? प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यांनी दादर-माटुंग्याला आधी रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. म्हणून हिंदू कॉलनीत एक गल्ली खणली तर माणूस शेजारच्या गल्लीतून निघतो, घरात अडकून बसत नाही.

तिसरा मजला: आणि त्याच गल्ल्यांत आता दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, ते पण सांगा की.

नकाशेवाला: अहो, गाडी आणि माणूस एकाच मापाने का मोजताय? बार्सिलोनात १८५९ च्या आराखड्यातले चौकोनी ब्लॉक आहेत, २०१६ ला पोब्लेनोऊ भागात त्यातल्या नऊ ब्लॉकचा एक गट करून आतून आरपार जाणाऱ्या गाड्या बंद केल्या, चालणारे आणि सायकलवाले खुशाल जातात. आपल्याकडे चार बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे खुंट, ठोका, झालं. आणि नुसत्या पायवाटेने भागणार नाही हां, खरा उपाय टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, मग उरलेले नीट आकाराचे प्लॉट मालकांना परत. कायदा आपल्याकडे १९१५ पासून आहे, पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला तेच हातात घेतलंय.

बाणेरकर: ते नव्या भागाला ठीक, बांधून झालेल्या भिंतींचं काय?

तिसरा मजला: बोलार्ड असतील तर बघू. रात्री अकराला गेट बंद, दिव्याचं बिल महापालिकेचं, हे लेखी मिळालं तर मीटिंगला विषय घेतो. पण दोन मेंबर आडवे येणार, त्यांचं कव्हर्ड पार्किंग नेमकं त्या गेटच्या तोंडाशीच आहे.