खालच्या दाढेचा ब्रॅकेट तिसऱ्यांदा निघाला, थुंकीमुळे असं होतं का?

लेकीची_आई
लेकीला (वय 14) ब्रेसेस लावून चार महिने झाले, खाली डावीकडच्या दाढेचा ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतात तो तुकडा) तिसऱ्यांदा हातात आलाय. डॉक्टर दर वेळी म्हणतात चिक्की खाल्ली असणार, अहो पोरगी पोळीसुद्धा दुधात कुस्करून खाते! मागच्या वेळी चिकटवताना मी तिथेच होते, कापूस भिजून लगदा झालेला, ती मधेच दोनदा गिळली, तरी तसाच लावला. थुंकीने एवढा फरक पडतो?

चकलीवाला
आमच्या चिरंजिवांनी पण शप्पथ घेतली होती काही खाल्लं नाही म्हणून. दप्तरात शेंगदाण्याची पुडी निघाली 😀

ऑर्थो_पीजी
ताई, पडतो फरक. आधी दाताला 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावतात, ते रंगीत जेल असतं ना तेच, 15-30 सेकंद, मग धुऊन सुकवलं की दात खडूसारखा पांढरा दिसतो, म्हणजे इनॅमलला (दाताच्या वरच्या कवचाला) बारीक खड्डे पडले आणि रेझिन, म्हणजे ब्रॅकेट चिकटवायचा डिंक, त्यात शिरूनच पकड धरतं. तेवढ्यात लाळ लागली तर तिच्यातली प्रथिनं त्या खड्ड्यांत बसतात, नुसत्या पाण्याने जात नाहीत, परत अ‍ॅसिड लावावं लागतं. हिरडीतून रक्त आलं तरी तेच. आणि दर वेळी थुंकीच असते असंही नाही, आमच्याकडे एकदा लागोपाठ ब्रॅकेट निघायला लागले, आम्ही आपले पेशंटच्या खाण्यावर ढकलतोय, शेवटी सरांनी दात सुकवायच्या सिरिंजची हवा आरशावर मारली तर तेलाचे ठिपके! कॉम्प्रेसरचं तेल हवेतून थेट दातावर जात होतं.

निघालेला ब्रॅकेट ठेवलाय का? त्याची पाठ बघा.

लेकीची_आई
डबीत आहे. पाठीवर सगळा पांढुरका थर तसाच, आणि दात एकदम गुळगुळीत.

ऑर्थो_पीजी
म्हणजे दाताकडून सुटला, ओल राहिली असायची शक्यता बरीच. थर दातावर राहून त्यात ब्रॅकेटच्या जाळीचा ठसा दिसला असता तर मी म्हटलं असतं जोर बसला, नाहीतर जाळीलाच बोट लागलं, नाहीतर रेझिन कडक करणारा लाइट नीट पोचला नाही. तरी लगेच भांडू नका हं, खालच्या दाढेवर वरचा दात आपटत असेल तर कितीही कोरडं करून लावा, निघणारच, ते निळ्या कागदावर चावायला लावून बघतात. ओलाव्यात चालणारा प्रायमर (रेझिनच्या आधी दाताला लावतात ते) पण मिळतो, विचारून बघा, पण आधी सक्शन चालू ठेवा म्हणावं आणि कापूस भिजला की बदला.

लेकीची_आई
सोमवारी जायचंय, डबी घेऊनच जाते. आणि चकलीवाले, दप्तर तपासलं, फक्त खोडरबर सापडलं.